लहान संग्रहालयें आणि आपल्या घरच्या तसबिरी

परमेश्वराच्या कृपेनें आमच्या धर्मग्रामाचा ज्युबिली-महोत्सव साजरा करण्याचा सुयोग आम्हांस लाभला आहे. अशा प्रसंगीं मागें वळून पाहावें, ज्यांच्या श्रमानें व दानानें हें मंदिर उभें राहिलें त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण करावें, ही रीत योग्यच आहे. परंतु स्मरण करावयाचें तें कोणाचें, असें कोणी विचारलें तर आपण पुष्कळदां गोंधळून जातों. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांत नांवें सांपडतात, तारखा सांपडतात; त्या माणसांचे चेहरे मात्र तेथें सांपडत नाहींत. ते असतात घरोघरच्या भिंतींवर, पेट्यांच्या तळाशीं, कांच तडकलेल्या चौकटींत. आणि त्यांना ओळखणारीं माणसें दरवर्षीं एकेक करून आपल्यांतून निघून जात आहेत.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्तानें एका विषयाचा थोडा इतिहास वाचकांपुढें ठेवावा असें आम्हीं योजिलें आहे. तो विषय म्हणजे लहान इतिहास-संग्रहालयें आणि त्यांत भरणारीं चित्रांचीं व छायाचित्रांचीं प्रदर्शनें. हा विषय शहरांतील हौशी व सुखवस्तु लोकांचा आहे, कष्टकरी धर्मग्रामाला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. युद्धांत व आगींत जें नष्ट झालें त्याबद्दल आपण हळहळतों. पण आपल्या पुष्कळ वस्तु कोणाच्या दृष्टीस पडत नव्हत्या एवढ्याच कारणानें गेल्या, आणि ज्या राहिल्या त्यांतील पुष्कळ कोणीतरी बाहेर काढून लोकांपुढें मांडल्या म्हणून राहिल्या. ही गोष्ट कांहीं उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

चित्र लोकांपुढें मांडल्यानें काय घडतें याचें एक जुनें उदाहरण अकबर बादशहाच्या काळांतील आहे. सन १५८० मध्यें येशूसंघाचे फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे सोबती गोव्याहून फत्तेपूर सिक्री येथें गेले, तेव्हां त्यांनीं बादशहास अँटवर्प येथें छापलेलें बहुभाषी बायबल नजर केलें. अशा पाश्चात्य ग्रंथांतील व कागदांवरील चित्रें दरबारच्या चितार्‍यांनीं बारकाईनें पाहिलीं, आणि लवकरच ते पवित्र मरियेचीं व ख्रिस्ताचीं चित्रें आपल्या हाताच्या वळणानें काढूं लागले. पुढें सन १६०२ च्या आरंभीं संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यांतील फादर जेरोम झेवियर यांनीं आग्र्याच्या देवळांत रोमच्या एका प्रसिद्ध मरिया-चित्राची नक्कल लोकांच्या दर्शनास ठेविली. ती पाहण्यासाठीं सर्व धर्मांचे हजारों लोक लोटले. अखेर बादशहानें तें चित्र आपल्या वाड्यांत आणवून घरच्या स्त्रियांसहि दाखविलें. त्या चित्रापुढें उभ्या राहिलेल्या लोकांपैकीं बहुतेकांनीं एकहि प्रवचन ऐकलें नसेल. परंतु आई व बाळ कोणास समजत नाहींत?

त्याच शतकांत गोव्याकडील कारागीर हस्तिदंतांत मूर्ति कोरीत होते. त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृति म्हणजे ‘उत्तम मेंढपाळ’. तींत बाल येशू एका उंच, डोंगरासारख्या बैठकीवर बसलेला असतो. पाय दुमडलेले, डोळे मिटलेले, मस्तक एका हातावर टेकलेलें, आणि अंगाखांद्यावर कोंकरें. खालीं झरा वाहतो व त्याचें पाणी पिण्यास मेंढरें व पांखरें जमलेलीं असतात. पाहणार्‍यास ध्यानांत बसलेल्या योग्याचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. मूर्तींतील भाव ख्रिस्ती आहे, आणि ती कोरणारा हात या मातीचा आहे. अशा कित्येक मूर्ति व्यापार्‍यांनीं व धर्मगुरूंनीं युरोपांत नेल्या. तेथील मोठ्या संग्रहालयांत त्या आज मानानें ठेविलेल्या आहेत. ज्या भूमींत त्या घडल्या तेथें मात्र सामान्य भाविकाच्या दृष्टीस त्या क्वचितच पडत असत.

वस्तु दृष्टीआड झाली म्हणजे काय होतें याचें याहून कठोर उदाहरण आमच्या भाषेंतीलच आहे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ सन १६१६ मध्यें गोव्यांतील राशोल येथें छापिलें गेलें, आणि पुढें १६४९ व १६५४ मध्यें त्याचें पुनर्मुद्रण झालें. तीन वेळां छापिलेल्या या ग्रंथाच्या त्या मुद्रणांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. भाविकांनीं हातानें नकला करून त्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, देवळांतून व घरांतून त्यांचें वाचन केलें, म्हणूनच सन १९०७ मध्यें मंगळूर येथें तो ग्रंथ पुन्हां छापतां आला. ज्या पोथ्या उघडल्या जात होत्या त्या वांचल्या, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां छायाचित्राकडे वळूं. सन १८३९ मध्यें पॅरिस येथें दागेर याची प्रकाशानें चित्र उमटविण्याची युक्ति जाहीर झाली, आणि थोड्याच काळांत ती हिंदुस्थानांत येऊन पोंचली. मुंबईंत १८५४ मध्यें छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकीं एक होते. पूर्वीं तसबीर काढवून घेणें हें राजेरजवाड्यांचें व धनिकांचें काम होतें. पुढें छायाचित्रें काढून देणारीं दुकानें गांवोगांव निघालीं, तेव्हां शेतकर्‍याला, मच्छीमाराला, गिरणींतील कामगारालाहि आपल्या मुलीच्या लग्नाचें किंवा मुलाच्या प्रथम कम्युनियनचें एक चित्र घरांत लावणें शक्य झालें. ज्यांच्याविषयीं कोणीं कधीं ग्रंथ लिहिला नाहीं त्यांचा इतिहास अशा रीतीनें कागदावर उमटूं लागला.

मुंबईंतील सर्वांत जुनें संग्रहालय भायखळ्यास सन १८७२ मध्यें लोकांस खुलें झालें. तें उभें करण्यांत डॉ. भाऊ दाजी यांनीं पुष्कळ खटपट केली होती, आणि १९७५ मध्यें त्याला त्यांचेंच नांव देण्यांत आलें. शहरांतील निरनिराळ्या जातीजमातींचे मातीचे पुतळे, धंद्यांचे व खेळांचे देखावे, जुने नकाशे असा त्याचा संग्रह आहे. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २००८ मध्यें तें पुन्हां उघडलें, तेव्हांपासून तेथें जुन्या संग्रहाशेजारीं आजच्या चित्रकारांचीं व छायाचित्रकारांचीं प्रदर्शनेंहि भरविलीं जाऊं लागलीं. जुन्या वस्तूशेजारीं नवी वस्तु मांडली म्हणजे दोन्ही अधिक नीट दिसतात, हें तत्त्व येथें ध्यानांत येतें. आपल्या पुढील हकीकतींत तेंच महत्त्वाचें आहे.

सन १९२५ हें रोम येथें पवित्र वर्ष म्हणून पाळण्यांत आलें. त्या वर्षीं पोप पायस अकरावे यांनीं जगांतील सर्व मिशन-प्रांतांतून आलेल्या वस्तूंचें एक मोठें प्रदर्शन व्हॅटिकन येथें भरविलें. एक लाखाहून अधिक वस्तु तेथें मांडिल्या होत्या. प्रदर्शनाची मुदत संपल्यावर त्यांतील पुष्कळ वस्तु राखून ठेवून १९२६ मध्यें लॅटरन राजवाड्यांत कायमचें संग्रहालय स्थापन करण्यांत आलें. तोच संग्रह पुढें व्हॅटिकन येथें हलविण्यांत आला. प्रदर्शन हें चार दिवसांचें कौतुक असतें असा जो समज आहे त्याला हें चांगलें उत्तर आहे.

योगायोग असा कीं, त्याच १९२६ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांत फादर हेन्री हेरास यांनीं हिंदी इतिहास-संशोधनाची एक लहान संस्था काढली. फादर हेरास हे स्पेन देशांत १८८८ मध्यें जन्मलेले येशूसंघीय; १९२२ मध्यें ते मुंबईस आले आणि येथलेच झाले. विजयनगर, पल्लव घराणें, सिंधु नदीच्या खोर्‍यांतील मुद्रा, अशा विषयांवर त्यांनीं ग्रंथ लिहिले. परंतु विद्यार्थ्यांनीं केवळ पुस्तकें वाचावींत एवढ्यानें त्यांचें समाधान होत नसे. नाणीं, मूर्ति, पोथ्या, चित्रें यांचा संग्रह करून त्यांनीं महाविद्यालयांतच एक संग्रहालय उभें केलें. १९५५ मध्यें ते मुंबईस देवाघरीं गेले. त्यांनीं काढलेली संस्था आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. प्राचीन हिंदी शिल्पाची गोडी असलेल्या या धर्मगुरूस एका गोष्टीचा ध्यास होता: ख्रिस्ती भक्तीनें या देशाची चित्रकला आपलीशी करावी.

अशा वेळीं त्यांची गांठ एका गोमंतकीय चित्रकाराशीं पडली. आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ मध्यें गोव्यांतील सांत इस्तेव्ह या गांवीं झाला. वैद्यकाचा अभ्यास सोडून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, आणि तेथून बंगालमध्यें जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याजवळ शिकले. गुरूंपासून घेतलेलें वळण घेऊन ते गोव्यास परतले व पवित्र मरियेचीं चित्रें काढूं लागले. या चित्रांतील मरिया साडी नेसलेली, अनवाणी, आपल्याच अंगणांत वावरणार्‍या स्त्रीसारखी सांवळी होती. गोव्यांत त्यांवर टीका झाली, आणि फोन्सेका यांस आपला मुलूख सोडावा लागला.

त्या टीकाकारांच्या अंगीं भक्ति नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. लहानपणापासून ज्या रूपापुढें गुडघे टेकले तेंच रूप खरें वाटावें, दुसरें पाहून मन बिचकावें, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. आपल्या आजीच्या देव्हार्‍यांतील निळ्या झग्याची मरिया आम्हांसहि प्रिय आहे. परंतु त्यांनीं जी एक गोष्ट पाहिली नव्हती ती हस्तिदंताची होती. फोन्सेका यांच्या चित्राशेजारीं तो डोळे मिटून बसलेला बाल मेंढपाळ कोणीं मांडला असता, तर आपल्याच पूर्वजांनीं तीनशें वर्षांपूर्वीं हीच वाट चोखाळली होती हें एका दृष्टिक्षेपांत समजलें असतें. वादांत पुष्कळ शब्द खर्ची पडले. दोन वस्तु शेजारीं ठेवण्याचें काम राहून गेलें.

फोन्सेका पुण्यास आले आणि अँग्लिकन पंथाच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमांत राहून चित्रें काढूं लागले. स्वतः ते अखेरपर्यंत कॅथोलिक होते. फादर हेरास यांनीं त्यांस उत्तेजन दिलें. त्या काळीं चीन देशांत पोपमहाराजांचे प्रतिनिधि राहिलेले व पुढें कार्डिनल झालेले चेल्सो कोस्तांतीनी हे देशोदेशींच्या ख्रिस्ती कलेचे मोठे कैवारी होते. त्यांच्या पुढाकारानें १९५० च्या पवित्र वर्षांत रोम येथें मिशन-प्रांतांतील धार्मिक कलेचें प्रदर्शन भरलें. पुढें १९६३ मध्यें दुसर्‍या व्हॅटिकन परिषदेनें उपासनाविषयक संविधानांत स्पष्ट सांगितलें कीं, ख्रिस्तसभेनें कोणतीहि एक शैली आपली म्हणून ठरविलेली नाहीं, आणि सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलेस मंदिरांत वाव असावा. ज्या वाटेनें फोन्सेका एकटे चालले होते तिला असें मोठें पाठबळ मिळालें. १९६७ च्या डिसेंबरांत ते निवर्तले. त्यांच्या पत्नीनें त्यांचीं चित्रें जिव्हाळ्यानें सांभाळिलीं, आणि २००६ मध्यें त्यांतील मोठा संग्रह गोव्यांतील पर्वरी येथील झेवियर इतिहास-संशोधन केंद्राच्या स्वाधीन केला. ज्या भूमींतून चित्रकारास जावें लागलें तेथेंच त्याचीं चित्रें परत आलीं, आणि तेथील लोकांनीं तीं प्रदर्शनांत पाहिलीं.

आतां त्या हस्तिदंताच्या मूर्तींची गोष्ट पुरी करूं. सन १९९४ मध्यें राशोलच्या गुरुविद्यालयांत ख्रिस्ती कलेचें संग्रहालय उघडण्यांत आलें. जेथें ख्रिस्तपुराण छापिलें गेलें होतें तेंच हें राशोल. २००२ मध्यें हें संग्रहालय जुन्या गोव्यांत, सतराव्या शतकांतील सांता मोनिका मठाच्या देवळांत, हलविण्यांत आलें. देवळांतील व घरांतील कपाटांत पडून असलेल्या मूर्ति, चांदीचीं पात्रें, कशिद्याचे पोशाख तेथें एकत्र आलेले आहेत. पेलिकन पक्ष्याच्या आकाराचें चांदीचें एक पवित्र-साक्रामेंत-पात्र तेथें आहे. आपल्या रक्तानें पिल्लांस पोसणारा तो पक्षी ख्रिस्ताचें प्रतीक मानला जातो. मुंबईसहि गोरेगांव येथें धर्मगुरु-विद्यालयाच्या आवारांत महाधर्मप्रांताचें वारसा-संग्रहालय आहे. हीं संग्रहालयें मोठीं नव्हेत. तासाभरांत पाहून होतात. परंतु मोठ्या संग्रहालयांत आपली वस्तु हजारांतील एक असते, आणि लहान संग्रहालयांत ती आपल्याशीं बोलते.

येथें कोणी विचारील कीं, संग्रहालय आहे तर मग वेळोवेळीं प्रदर्शनें कशास भरवावींत? सर्व चित्रें कायमचीं भिंतीवर कां लावूं नयेत? याचें कारण साधें आहे. पाण्याच्या रंगांतील चित्र किंवा कागदावरील छायाचित्र प्रकाशानें फिकें पडतें, आणि एकदां उडालेला रंग परत येत नाहीं. म्हणून अशा वस्तूंवर साधारणपणें ५० लक्स एवढाच मंद प्रकाश पडूं देतात, आणि कांहीं महिने दाखविल्यावर त्यांस पुन्हां अंधारांत विसांवा देतात. प्रदर्शनाची मुदत ठरलेली असते ती अशा सांभाळण्यासाठींहि असते. दाखविणें आणि जपणें हीं दोन्ही कामें त्यांत साधतात.

छायाचित्रांच्या प्रदर्शनांत आणखी एक लाभ असतो, आणि तो चित्रांच्या प्रदर्शनांत सहसा नसतो. जुन्या समूहचित्रापुढें एखादी वृद्ध बाई थांबते, चष्मा पुसते आणि म्हणते, ‘ही डावीकडची माझी मावशी.’ मग शेजारचा दुसरें नांव सांगतो, तिसरा वर्ष सांगतो, आणि दोघांत त्यावरून थोडा वादहि होतो. संग्रहालयाचा चिटणीस जवळ कागद-पेन्सिल घेऊन उभा असेल तर त्या एका सकाळींत जेवढा इतिहास त्याच्या हातीं लागेल तेवढा कोणत्याहि दप्तरखान्यांत सांपडणार नाहीं.

या चित्रांकडे पाहतांना आम्हांस एक गोष्ट मनाला लागते, तीहि सांगावयास हवी. देवळाच्या पायर्‍यांवर काढलेल्या जुन्या चित्रांत मध्यभागीं धर्मगुरु बसलेले असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंस गांवांतील प्रतिष्ठित मंडळी असते, आणि त्यांचींच नांवें खालीं लिहिलेलीं असतात. कडेला उभे असलेले बँडवाले, मागच्या रांगेंत लुगडें सांवरून उभ्या असलेल्या स्त्रिया, पुढें जमिनीवर बसलेलीं अनवाणी मुलें, यांचीं नांवें तेथें नसतात. ज्या गवंड्यांनीं भिंती चढविल्या व ज्या बायांनीं डोक्यावरून दगडमाती वाहिली त्या तर चित्रांतहि क्वचितच येतात. देवाच्या दृष्टीनें त्यांपैकीं कोणीहि निनांवी नाहीं. आपल्या दृष्टीनेंहि ते तसे राहूं नयेत, असें ज्युबिलीच्या वर्षीं आपणांस वाटलें पाहिजे.

म्हणून आमची धर्मग्रामस्थांस नम्र विनंति आहे कीं, प्रत्येक घरानें आपल्या जुन्या तसबिरी व छायाचित्रें एकदां बाहेर काढावींत. मूळ चित्र कोणासहि देऊन टाकण्याची गरज नाहीं. त्याची नक्कल आज सहज काढतां येते. चित्राच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें, जोर न देतां, माणसांचीं नांवें, प्रसंग व वर्ष लिहावें. शाई वापरूं नये, कारण ती कागदांतून पलीकडे उतरते. फाटलेल्या चित्रास चिकटपट्टी लावूं नये. चौकटींत चित्र कांचेस चिकटेल असें बसवूं नये, कारण पावसाळ्याच्या दमटपणानें तें कांचेस धरतें व सोडवितांना फाटतें. ओलसर भिंतीवर, उन्हांत किंवा सतत पेटणार्‍या दिव्याखालीं तें टांगूं नये. आणि आजच्या चित्रांविषयींहि सावध असावें. एका सणाच्या दिवशीं आपण खिशांतील फोनवर शेंकडों चित्रें काढतों, आणि फोन बिघडला कीं तीं सर्व नाहींशीं होतात. त्यांतील निवडक दहा तरी कागदावर उतरवून, नांवें लिहून ठेवावींत. आपल्या आजोबांनीं एकच चित्र काढविलें व तें उरलें. आपण हजारों काढलीं व एकहि उरलें नाहीं, असें आपल्या नातवंडांनीं म्हणूं नये.

अशीं चित्रें जमलीं तर मंदिराशेजारच्या सभागृहाची एक भिंतहि संग्रहालयास पुरेल. फादर हेरास यांचा आरंभ महाविद्यालयांतील एका लहान संस्थेनेंच झाला होता. सणाच्या दिवशीं मिस्सा संपल्यावर लोकांनीं त्या भिंतीपुढें थांबावें, वडिलधार्‍यांनीं बोट दाखवून सांगावें, मुलांनीं ऐकावें व एखाद्यानें तें लिहून घ्यावें, एवढेंच आमचें मागणें आहे. आपल्या उपासनेंत आपण संतांच्या संगतीवर श्रद्धा प्रगट करतों. जे आपल्या आधीं विश्वासाची खूण घेऊन पुढें गेले त्यांसाठीं प्रार्थना करतों. ज्यांच्यासाठीं प्रार्थना करावयाची त्यांचे चेहरे डोळ्यांपुढें असले तर ती प्रार्थना अधिक जिव्हाळ्याची होईल.

पुढील ज्युबिली पाहण्यास आपल्यांतील पुष्कळजण नसतील. त्या दिवशीं आपल्याहि चित्रापुढें कोणी थांबेल. त्यानें आपलें नांव वाचावें, आणि आपल्या आत्म्यासाठीं एक ‘नमो मरिये’ म्हणावी, एवढी सोय आपण आजच करून ठेवूं या. परमेश्वर या कार्यास यश देवो.